शोधकथेचे माध्यमांतर : दूरदर्शनवरील 'व्योमकेश बक्षी' आणि निवेदक अजितचे स्थान

सारांश

साहित्यकृतीचे दृक्-श्राव्य माध्यमात रूपांतर होताना मूळ कृतीशी निष्ठा किती राखली गेली, हाच प्रश्न मराठी समीक्षेत प्राधान्याने विचारला जातो. शोधकथेच्या बाबतीत हा प्रश्न अपुरा पडतो. शोधकथेचे रहस्य घटनेत जेवढे असते, त्याहून अधिक ते निवेदकाच्या अज्ञानात असते. बंगाली लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या व्योमकेश बक्षीच्या कथा बासू चटर्जी यांनी १९९३ आणि १९९७ मध्ये दूरदर्शनसाठी हिंदीत सादर केल्या. या रूपांतराच्या आधारे, कागदावर कथा सांगणारा अजित पडद्यावर कोणती भूमिका पार पाडतो, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

बीजशब्द : शोधकथा, माध्यमांतर, निवेदक, हुंकार, व्योमकेश बक्षी, दूरदर्शन.

१. प्रस्तावना

भारतीय शोधकथेच्या परंपरेत व्योमकेश बक्षी हे नाव अग्रभागी आहे. मराठी वाचकाला ते प्रामुख्याने दूरदर्शनमुळे परिचित झाले. रजित कपूर यांनी साकारलेला धोतर-कुर्त्यातील शांत व्योमकेश, के. के. रैना यांचा अजित आणि मराठी अभिनेत्री सुकन्या कुलकर्णी यांची सत्यवती ही त्रयी एका संपूर्ण पिढीच्या स्मरणात आहे. ही मालिका हिंदी, तिचे मूळ बंगाली. तरीही महाराष्ट्राशी तिचे नाते केवळ एका अभिनेत्रीपुरते मर्यादित नाही. शरदिंदू बंद्योपाध्याय (१८९९–१९७०) १९३८ मध्ये 'बॉम्बे टॉकीज'साठी पटकथा लिहिण्याकरिता मुंबईत आले. १९५२ मध्ये चित्रपटाचे काम सोडून ते पुण्यास स्थायिक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. व्योमकेशच्या पूर्ण झालेल्या ३२ कथांपैकी बहुसंख्य कथा त्यांच्या या उत्तरायुष्यातील आहेत. कलकत्त्याच्या हॅरिसन रोडवरील या सत्यशोधकाचे निम्म्याहून अधिक चरित्र पुण्याच्या वास्तव्यात लिहिले गेले आणि त्याला दूरदर्शनवरील रूप मुंबईतील एका दिग्दर्शकाने दिले, ही बाब मराठी अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे.

येथे आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. व्योमकेशच्या पहिल्या १० कथा लिहून झाल्यावर, १९३६ च्या सुमारास, शरदिंदूंनी हे लेखन थांबवले आणि सुमारे १५ वर्षांनंतर 'चित्रचोर' या कथेपासून ते पुन्हा सुरू केले. या खंडाचा मोठा भाग त्यांच्या चित्रपटसृष्टीतील वर्षांनी व्यापला आहे. ज्या काळात लेखक पडद्यासाठी लिहीत होता, त्या काळात त्याचा सत्यशोधक मौन होता. यातून कार्यकारणाचा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. मात्र शरदिंदूंचा व्योमकेश हा घटनांपेक्षा कथनावर उभा आहे आणि म्हणूनच त्याला पडद्यावर आणणे वाटते तितके सोपे नाही, हे पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

२. उद्दिष्टे आणि अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : शोधकथेतील निवेदकाचे कार्य स्पष्ट करणे, दूरदर्शन माध्यमात त्या कार्याचे काय होते, हे निवडक कथांच्या आधारे तपासणे, आणि या तपासणीचा मराठी शोधकथेच्या अभ्यासाशी असलेला संबंध दाखवणे. त्यासाठी विश्लेषणात्मक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. सर्व कथांचा आढावा घेण्यापेक्षा माध्यमांतराचे वेगवेगळे प्रश्न उभे करणाऱ्या मोजक्या कथांवर भर दिला आहे.

३. शोधकथेची रचना आणि निवेदकाचे अज्ञान

फ्रेंच समीक्षक त्स्वेतान तोदोरोव यांनी शोधकथेत दोन कथा असतात, असे प्रतिपादन केले आहे. पहिली गुन्ह्याची, दुसरी तपासाची. गुन्ह्याची कथा घडून गेलेली असते, पण ती पानांवर अनुपस्थित असते. तपासाची कथा उपस्थित असते, पण तिचे काम पहिल्या कथेपर्यंत पोहोचवणे एवढेच असते. या दोहोंमध्ये जो पडदा असतो, तो निवेदकाचा. शेरलॉक होम्सच्या कथा डॉ. वॉटसन सांगतो, फेलूदाच्या कथा तोपसे सांगतो, व्योमकेशच्या बहुतेक कथा अजित सांगतो. हे तिघेही प्रामाणिक आहेत. जे पाहिले ते सारे ते सांगतात. मात्र पाहिलेल्यापैकी महत्त्वाचे काय, हे त्यांना कळत नाही. वाचकाची फसवणूक होते ती त्यांच्या या प्रामाणिक अज्ञानामुळे.

अजितचे वैशिष्ट्य असे की तो व्यवसायाने लेखक आहे. वॉटसन हा लिहिणारा डॉक्टर आहे. अजितचे मात्र लेखन हेच जीवन आहे. त्याला माणसांच्या स्वभावात रस आहे, व्योमकेशने केलेली थट्टा त्याला लागते, आपल्या तर्कशक्तीबद्दल त्याचे काही गोड गैरसमज आहेत आणि ते तो वाचकापासून लपवत नाही. त्यामुळे व्योमकेश आपल्याला थेट कधीच दिसत नाही; एका मित्राच्या कौतुकातून, रागातून आणि कुतूहलातून तो दिसतो.

कॅमेऱ्याचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. समोर जे आहे ते सर्व तो एकाच वेळी दाखवतो. गद्यात 'खोलीत एक टेबल होते' असे लिहून टेबलावरची वस्तू वगळता येते. पडद्यावर टेबल दाखवले की त्यावरची वस्तूही दिसते. शिवाय कॅमेरा स्वतः कोणी पात्र नसल्यामुळे त्याचे अज्ञान हे अज्ञान न वाटता लपवाछपवी वाटू शकते. शोधकथेच्या माध्यमांतराचा मूलभूत पेच हा आहे. जॉर्ज ब्लूस्टोन यांच्या १९५७ मधील कादंबरी आणि चित्रपट यांच्या संबंधांवरील ग्रंथापासून लिंडा हचिअन यांच्या २००६ मधील रूपांतर-सिद्धांतापर्यंत अभ्यासकांनी निष्ठेचा निकष एकमेव मानू नये, असे वेगवेगळ्या मार्गांनी सांगितले आहे. शोधकथेपुरते बोलायचे तर, कथानक राखले की नाही हे विचारण्याआधी निवेदकाचे काय केले, हे विचारावे लागते.

४. कथांच्या आधारे विश्लेषण

४.१ 'सत्यान्वेषी' : ओळखीचे रहस्य

लेखनक्रमाने 'पथेर काँटा' (१९३२) ही कथा आधीची असली, तरी व्योमकेश आणि अजित यांची पहिली भेट 'सत्यान्वेषी' (१९३३) या कथेत होते आणि दूरदर्शन मालिकेचा आरंभही याच कथेने होतो. अजित कलकत्त्यातील एका मेसमध्ये राहतो. डॉ. अनुकूल हे होमिओपथीचे डॉक्टर ती मेस चालवतात. तेथे अतुलचंद्र मित्र नावाचा तरुण राहायला येतो. हा अतुल म्हणजेच व्योमकेश, हे अजितला शेवटी कळते आणि वाचकालाही तेव्हाच कळते.

पडद्यावर हे रहस्य टिकणे शक्य नाही. मालिकेचे नाव 'व्योमकेश बक्षी' आहे, शीर्षकात नटाचा चेहरा आला आहे. तोच चेहरा मेसच्या दारात उभा राहिला की प्रेक्षक त्याला ओळखतो. वरकरणी ही हानी आहे. परंतु तिची भरपाई वेगळ्या प्रकारे होते. वाचक अजितच्या बरोबरीने चालत होता. प्रेक्षक अजितच्या एक पाऊल पुढे चालतो. 'अतुल कोण?' या प्रश्नाची जागा 'हे अजितच्या कधी लक्षात येणार?' हा प्रश्न घेतो. रहस्याचे रूपांतर नाट्यात होते. आपल्याला माहीत असलेली गोष्ट रंगमंचावरील पात्राला माहीत नसणे, ही नाटकाची जुनी युक्ती आहे आणि मराठी प्रेक्षकाला ती संगीत नाटकापासून परिचित आहे.

गुन्हेगाराच्या बाबतीत मात्र धोका वाढतो. कागदावर डॉ. अनुकूल यांचा मनमिळाऊपणा अजितच्या शब्दांत येतो आणि अजितला ते आवडतात म्हणून वाचकालाही आवडतात. पडद्यावर त्यांना चेहरा, आवाज आणि कॅमेऱ्याने दिलेला वेळ मिळतो. एखाद्या पात्राला गरजेपेक्षा अधिक वेळ मिळाला की प्रेक्षक सावध होतो. एखादा ख्यातनाम नट दुय्यम भूमिकेत दिसला की संशय त्याच्याकडेच वळतो. त्यामुळे ज्या मालिकेत नटांच्या वलयापेक्षा पात्रांच्या बोलण्याला महत्त्व असते, तेथेच गुन्हेगार इतरांमध्ये मिसळून राहू शकतो. शोधकथेला तारांकित नटसंच मानवत नाही तो याच कारणाने.

४.२ 'पथेर काँटा' : ध्वनीचे रहस्य

या कथेत माध्यमांतराचा लाभ दिसतो. रस्त्याने चालणारी माणसे अचानक कोसळून मरतात आणि त्यांच्या शरीरात ग्रामोफोनची पिन सापडते. आशुतोष मित्र हे गृहस्थ खिशातल्या घड्याळामुळे वाचतात. पिन सोडण्याचे यंत्र सायकलच्या घंटीत दडवलेले आहे, हे व्योमकेश शोधून काढतो.

लेखकापुढील अडचण पाहा. घंटीचा उल्लेख केलाच नाही, तर उलगडा वाचकाला अन्यायाचा वाटेल. उल्लेख केला, तर तो शब्द पानावर कायमचा राहील आणि चाणाक्ष वाचक मागे वळून तो पुन्हा वाचेल. गद्यात प्रत्येक शब्द निवडलेला असतो, म्हणून प्रत्येक शब्द संशयास्पद असतो. दृक्-श्राव्य माध्यमात रस्त्याच्या दृश्यात गाड्यांचे आवाज, फेरीवाल्यांच्या हाका, माणसांची वर्दळ यांत सायकलची घंटी सहज विरून जाते. ती सर्वांनी ऐकलेली असते आणि कोणीही ऐकलेली नसते. पुरावा प्रेक्षकाच्या कानांवर प्रामाणिकपणे घालून तो दडवण्याची सोय दूरदर्शनला आहे, गद्याला नाही. माध्यमांतर म्हणजे केवळ हानी, ही समजूत अशा ठिकाणी तपासून घ्यावी लागते.

४.३ 'शैलरहस्य' : साक्षीचे रहस्य

महाराष्ट्राच्या दृष्टीने ही कथा विशेष महत्त्वाची आहे. ती महाबळेश्वरात घडते. व्योमकेश तेथील सह्याद्री हॉटेलात उतरला आहे आणि तेथून तो कलकत्त्यास अजितला पत्र लिहितो. येथे भूमिकांची अदलाबदल झाली आहे. नेहमी सांगणारा अजित आता वाचणारा आहे आणि नेहमी मौन राखणारा व्योमकेश स्वतः सांगणारा. आणि तो सांगतो काय, तर तर्काला न जुमानणारा, भुताटकीचा अनुभव. बुद्धिवादी सत्यशोधकाला त्याच्या प्रकृतीविरुद्धचे सत्य सांगायचे आहे, म्हणून त्याने मित्राला पत्र लिहिण्याचा खासगी मार्ग निवडला आहे.

पत्रातील भूत हे पत्रलेखकाची साक्ष असते. वाचक ती मानू शकतो किंवा थंडीच्या दिवसांतील निर्जन हॉटेल, एकटेपणा आणि रात्र यांच्या खाती ती मांडू शकतो. व्योमकेशवरचा विश्वास आणि भुतावरचा अविश्वास यांतील ताण हाच या कथेचा गाभा आहे. पडद्यावर भूत दाखवले की ते घडलेच, असे होते; दाखवले नाही की कथेचा आधार जातो. कॅमेऱ्याला 'असे मला वाटले' हे वाक्य सहज उच्चारता येत नाही. व्योमकेशच्या ज्या कथा रूपांतरासाठी कठीण आहेत, त्यांत या कथेचा क्रम वरचा लागेल. येथील कठीणपणा दऱ्याखोऱ्यांच्या चित्रीकरणाचा नसून एका क्रियापदाचा आहे, असे म्हणता येईल.

५. निवेदकाकडून हुंकार देणाऱ्याकडे

मालिकेत अजितचे स्थान कोणते? तो कथा सांगत नाही, कारण कथा आता कॅमेरा सांगतो. असे पात्र अनावश्यक ठरून वगळले जाण्याचा धोका होता. प्रत्यक्षात तो बहुतेक प्रसंगी व्योमकेशच्या शेजारी आहे. चहा येतो, व्योमकेश सिगारेट पेटवतो, अजित विचारतो, व्योमकेश अर्धे उत्तर देतो. गुन्हा कलकत्त्याच्या कोणत्याही कोपऱ्यात घडो, मालिकेचा जीव या बैठकीच्या खोलीत आहे.

या भूमिकेला आपल्या परंपरेत नाव आहे. गोष्ट सांगणाऱ्यासमोर हुंकार देणारा लागतो. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात. ते मुख्य कथनाची ओळ उचलून धरतात आणि शाहिराला पुढे नेतात. महाभारतातील युद्ध संजय सांगतो, पण त्याला धृतराष्ट्राने विचारावे लागते. ज्ञानेश्वरांच्या निरूपणात श्रोते केवळ ऐकत नाहीत, त्यांच्या अवधानावर निरूपण उभे असते. हुंकार देणारा कथेत नवी भर घालत नाही; मात्र तो नसेल तर कथा पुढे सरकत नाही. बासू चटर्जी यांच्या मालिकेत अजित हा निवेदक राहिलेला नाही, तो हुंकार देणारा झाला आहे. त्याच्या मनातील जे अज्ञान कागदावर निवेदनाच्या वाक्यांत विखुरलेले होते, ते पडद्यावर त्याच्या प्रश्नांत एकवटले आहे. प्रेक्षकाच्या ओठांवर आलेला प्रश्न अजित विचारतो, म्हणून प्रेक्षकाला आपण त्या खोलीत बसलो आहोत असे वाटते.

दिग्दर्शकाची पूर्वपीठिका येथे विचारात घ्यावी लागते. बासू चटर्जी यांनी 'ब्लिट्झ' साप्ताहिकात व्यंगचित्रकार म्हणून दीर्घकाळ काम केले होते. 'सारा आकाश' (१९६९) आणि 'रजनीगंधा' (१९७४) या चित्रपटांतून त्यांनी मध्यमवर्गीय घरांतील लहानसहान हालचालींना पडद्यावर स्थान दिले. त्याहूनही महत्त्वाचा संदर्भ 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) याचा आहे. बारा माणसे एका खोलीत बसून एका खुनाविषयी फक्त बोलतात आणि त्या बोलण्यातून सत्य हळूहळू आकार घेते. मतभेद नोंदवून चर्चेला सुरुवात करून देणाऱ्या सदस्याची भूमिका त्यात के. के. रैना यांनीच केली होती. तपास म्हणजे धावपळ नव्हे, तपास म्हणजे संभाषण, हे सूत्र दिग्दर्शकाला आधीच गवसले होते. त्या संभाषणात ऐकण्याची कला अवगत असलेला नट त्यांनी अजितसाठी निवडला, हे या रूपांतराच्या यशाचे एक कारण मानावे लागेल.

मालिकेच्या तांत्रिक साधेपणाबद्दल नेहमी तक्रार केली जाते. मर्यादित नेपथ्य, सरळ प्रकाशयोजना, बहुतांश अंतर्गृहातील चित्रीकरण ही त्या काळच्या दूरदर्शनची आर्थिक मर्यादा होती, हे खरेच. परंतु शरदिंदूंच्या कथांना ती मर्यादा मानवली. प्रेक्षकाला पाहण्यासारखे कमी असले की तो ऐकू लागतो. आणि व्योमकेशच्या कथा ऐकण्याच्या आहेत.

६. सत्यवती आणि घर

'अर्थमनर्थम्' या कथेत सत्यवती येते. तिच्या भावावर खुनाचा आळ आहे. पुढे ती व्योमकेशशी विवाह करते. जागतिक शोधकथेत नायक सामान्यतः अविवाहित असतो. होम्स तसा आहे, फेलूदा तसा आहे. व्योमकेश गृहस्थ आहे. त्याच्या घरात पत्नी आहे, मित्र आहे, पुंटीराम हा नोकर आहे आणि पैशांची काळजीही आहे. 'डिटेक्टिव्ह' हा शब्द त्याला रुचत नाही, स्वतःला तो सत्यान्वेषी म्हणवतो. यामागे केवळ शब्दांचा शौक नाही. गुप्तहेर कायद्याचे काम करतो; सत्यान्वेषी सत्य शोधतो आणि मग त्याचे काय करायचे, हे विवेकाने ठरवतो. १९४६ च्या दंगलींपासून स्वातंत्र्याच्या क्षणापर्यंतच्या काळात घडणाऱ्या 'आदिम रिपू'मध्ये तो गुन्हेगाराला पोलिसांच्या हवाली करत नाही. असा निर्णय घेणाऱ्या माणसाला घर असणे आवश्यक असते, कारण न्यायासंबंधीचा त्याचा विवेक पुस्तकांतून आलेला नसून माणसांतून आलेला आहे.

सुकन्या कुलकर्णी यांची सत्यवती या दृष्टीने पाहावी. ती तपासात अग्रभागी नाही, पण ती खोलीत आली की दोन मित्रांच्या बुद्धीच्या खेळाला व्यवहाराचे वजन येते. येथे मालिकेची मर्यादाही नोंदवली पाहिजे. काही मूळ कथांतील सामाजिक पट, विशेषतः दंगली, काळाबाजार आणि फाळणीपूर्व कलकत्त्यातील अस्वस्थता, हा बैठकीच्या खोलीत मावणारा नाही. त्याचप्रमाणे अजितचे आत्मपर विनोद, आपल्या लेखनाबद्दलची त्याची हळवी जाणीव, व्योमकेशवर त्याने मनातल्या मनात धरलेला रुसवा हे सारे निवेदनाबरोबर गेले. हुंकार देणाऱ्याला मन असते, पण ते उघड करण्यासाठी त्याला पान मिळत नाही. ही हानी खरी आहे आणि मालिकेवरील प्रेमापोटी ती नाकारण्याचे कारण नाही.

विशेष म्हणजे शरदिंदूंनी स्वतःच अखेरच्या टप्प्यात अजितकडून निवेदन काढून घेतले. 'शजारुर काँटा' (१९६७) सारख्या कथा तृतीयपुरुषी निवेदनात आहेत. लेखकाला जो निवेदक जुना वाटू लागला, त्यालाच दूरदर्शनने प्रेक्षकाचा प्रतिनिधी म्हणून नवे काम दिले. माध्यमांतर ही कधीकधी अशी दुरुस्तीही असते.

७. अन्य रूपांतरांशी तुलना

हा पेच इतरांनी वेगळ्या प्रकारे सोडवला. १९८६ मध्ये संदीप राय यांनी सत्यजित राय यांच्या फेलूदा-कथेवर दूरदर्शनसाठी 'किस्सा काठमांडू का' तयार केले. त्यात शशी कपूर फेलूदा होते आणि लालमोहन गांगुली ऊर्फ जटायू ही भूमिका मराठी रंगभूमीवरील मोहन आगाशे यांनी केली होती. तेथे तोपसेचे निवेदन मागे पडते आणि हुंकाराचे काम मोठ्या प्रमाणावर जटायूकडे, म्हणजे विनोदाकडे जाते. शिवाय शशी कपूर यांच्यासारखा चित्रपटतारा आला की प्रेक्षक पात्राआधी नटाला ओळखतो. सत्यजित राय यांनी 'चिडियाखाना' (१९६७) मध्ये उत्तम कुमार यांना व्योमकेश केले, तेव्हाही वलयाचा हा प्रश्न होताच. नटाच्या आणि दिग्दर्शकाच्या थोरवीने तो झाकला गेला, सुटला नाही.

दिबाकर बॅनर्जी यांच्या २०१५ मधील चित्रपटाने अजितला पक्षकार बनवले. बेपत्ता वडिलांचा शोध घ्यावा म्हणून तो व्योमकेशकडे येतो. यामुळे कथानकाला वेग येतो. मात्र साक्षीदार स्वतःच प्रकरणात गुंतला की त्याचे तटस्थ कुतूहल संपते. चित्रपटाच्या नावातच 'डिटेक्टिव्ह' हा शब्द आहे. व्योमकेशने नाकारलेली उपाधी त्याच्या नावापुढे लागावी, यातून रूपांतराची दिशा कळते. याउलट बीबीसीच्या 'शेरलॉक' (२०१०) या आधुनिक रूपांतरात वॉटसन आपल्या मित्राच्या प्रकरणांविषयी ब्लॉग लिहितो. लेखनाचे साधन बदलले, तरी लिहिणारा मित्र टिकवून ठेवला आहे. काळ, वेश, वाहने सारे बदलूनही ही कृती मूळ परंपरेशी जोडलेली वाटते, याचे कारण प्रस्तुत लेखकाच्या मते येथेच आहे.

८. मराठी शोधकथा आणि माध्यमांतर

मराठीत शोधकथेची उणीव नव्हती. बाबूराव अर्नाळकर यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही नावे घराघरांत पोहोचली. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला, अशोक जैन यांच्या अनुवादांतून फेलूदा आला. तथापि साहित्यातील एखाद्या मराठी शोधनायकाला दूरदर्शनवर व्योमकेशसारखे स्थायी रूप मिळाले नाही. मराठी दूरदर्शनने 'एक शून्य शून्य' या बी. पी. सिंग दिग्दर्शित मालिकेतून पोलीसतपासाचा मार्ग घेतला. त्यात शिवाजी साटम यांच्यासारखे समर्थ नट होते, परंतु त्या तपासाचा उगम साहित्यात नसून पोलीस ठाण्यात होता.

याचे खापर निर्मात्यांवर फोडणे सोपे आहे. पण समीक्षेची जबाबदारीही तितकीच आहे. रहस्यकथेला 'रंजनपर' असा शिक्का मारून आपण तिला अभ्यासाच्या बाहेर ठेवले. तिचे निवेदन कसे चालते, तिचा नायक घरात कसा वागतो, तिच्यात हुंकार देणारा कोण आहे, याचा शोध घेतला नाही. ज्या कृतीचे मर्म समीक्षेने उलगडून ठेवलेले नाही, तिच्या रूपांतरकाराच्या हाती केवळ कथानक लागते. आणि कथानक हा शोधकथेचा सर्वांत लवकर शिळा होणारा भाग आहे.

या पार्श्वभूमीवर भा. रा. भागवत यांच्या फुरसुंगीच्या बनेश फेणेवरील 'फास्टर फेणे' (२०१७) हा चित्रपट लक्षवेधी ठरतो. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित या चित्रपटात अमेय वाघचा फेणे तरुण झाला आहे, गुन्ह्याचे स्वरूपही आजचे आहे. तरीही दिलीप प्रभावळकर यांच्या रूपाने स्वतः भा. रा. भागवत कथेत वावरतात. निर्माणकर्त्या लेखकालाच नायकाच्या सान्निध्यात आणण्याची ही कल्पना केवळ आदरांजली म्हणून पाहू नये. साहसी नायकाला ऐकणारा, विचारणारा वडीलधारा तिने मिळवून दिला. मराठी रूपांतराला आपला हुंकार सापडू शकतो, याचा हा पुरावा आहे.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात या विचाराला वेगळे महत्त्व आहे. भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी या बोली घरात बोलणारे विद्यार्थी येथे मराठी साहित्य शिकतात. छापील निवेदनाची ओळख त्यांना शाळेत होते, पण सांगणारा आणि हुंकार देणारा या जोडीची ओळख त्यांना त्याआधी घरातच झालेली असते. माध्यमांतर हा विषय त्यांना शिकवताना चित्रपटाच्या परिभाषेपासून प्रारंभ करण्याऐवजी या ओळखीपासून प्रारंभ केला, तर निवेदनशास्त्रासारखा अवघड विषय त्यांच्या अनुभवाचा होतो. शोधकथेसारखा 'हलका' मानलेला प्रकार त्यासाठी सर्वाधिक उपयुक्त आहे, कारण कोणाला काय माहीत आहे आणि कोणाला नाही, हा प्रश्न त्यात उघडपणे मांडलेला असतो.

९. निष्कर्ष

१) शोधकथेचे रहस्य निवेदकाच्या प्रामाणिक अज्ञानावर उभे असते, म्हणून तिच्या माध्यमांतराचे मूल्यमापन करताना कथानकाच्या निष्ठेआधी निवेदकाच्या स्थानाचा विचार करणे आवश्यक आहे.

२) दूरदर्शनवरील 'व्योमकेश बक्षी' मालिकेत अजित निवेदकाच्या स्थानावरून हुंकार देणाऱ्याच्या स्थानावर येतो. हे स्थानांतर भारतीय मौखिक कथनपरंपरेशी सुसंगत असून मालिकेच्या परिणामकारकतेचे प्रमुख कारण आहे.

३) माध्यमांतरात 'सत्यान्वेषी'मधील ओळखीचे रहस्य नाट्यात परिवर्तित होते, 'पथेर काँटा'मधील ध्वनीचे रहस्य अधिक समर्थ होते, तर 'शैलरहस्य'मधील साक्षीची संदिग्धता जपणे कठीण जाते. लाभ आणि हानी कथेगणिक बदलतात; सरसकट विधान करता येत नाही.

४) निवेदनाबरोबर अजितचे अंतर्मन आणि काही कथांतील सामाजिक पट मालिकेत क्षीण होतो, ही या रूपांतराची मर्यादा आहे.

५) मराठी रहस्यकथेला समर्थ दृक्-श्राव्य रूप मिळायचे असेल, तर समीक्षेने आधी तिच्या कथनरीतीचा गंभीरपणे अभ्यास करायला हवा. अर्नाळकरांच्या रहस्यकथा या दृष्टीने वाचणे हे काम विद्यापीठीय संशोधनापुढे आजही शिल्लक आहे.